चंद्रभागेचं कलम

मखमलाबाद, नाशिक
ता. १३ फेब्रुवारी २००५

चि. सौ. चंद्रभागा हिस दादाचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, तुमचं कळवावं.

सातपूर ते मखमलाबाद बसने तासाभराचीही वाट नाही, तरी पत्र लिहितोय. गेल्या रविवारी तुझ्या घरी दोन तास बसलो आणि बोललो कशावर, तर टोमॅटोच्या भावावर! तोंडाने जमत नाही ते लिहून जमतं, हे आपल्याला चौथीपासून ठाऊक. मी कविता म्हणताना अडलो की तू खिडकीबाहेरून पाटीवर पुढची ओळ लिहून दाखवायचीस. त्या कविता अजून गुलाबाच्या वाफ्यात म्हणतो. तुझी वहिनी म्हणते, झाडं कंटाळून वाकलीत.

निघताना ओट्यावर तुझ्या यजमानांनी, चिमाजीरावांनी, हळूच सांगितलं की कर्करोगामुळे काढावी लागलेली छाती आता पुन्हा घडवता येते, त्याचे मुंबईचे डॉक्टर दर शनिवारी येतात, आणि तू नाही म्हणालीस. मी समजलो. एवढं सोसलेल्या अंगावर आणखी कापाकापी कशाला? म्हणून ठरवलं, कातडी-मांस माझं घ्यावं. चाळीस वर्षं गुलाबाला कलमं बांधतोय, एका झाडाचा डोळा दुसऱ्यावर जगतोच. पोट माझं ऐसपैस आहे. काल उपाशीपोटी दवाखान्यात गेलो. डॉक्टर निघून गेले होते, पण नर्सबाईंच्या वहीत नाव घालून आलोय. तू फक्त हो म्हण.

माया आहेच, तूही धरून राहा.
तुझा दादा, गोटीराम

सातपूर
ता. २० फेब्रुवारी २००५

ती. दादांच्या पायी चंद्रभागेचा नमस्कार.

काल तपासणीला गेले तर नर्सने वहीच पुढे केली. ‘गोटीराम, वय ५६, बहिणीसाठी पोट देणार.’ मी कुशी धरधरून हसले. डॉक्टर म्हणाले, सख्खा भाऊ असला तरी त्याची कातडी बहिणीच्या अंगावर टिकत नाही, माणसाचं कलम त्याच्या स्वतःच्याच अंगातून घ्यावं लागतं. हसण्यात भीड मोडली आणि वर्षभर गिळलेलं सगळं विचारून टाकलं.

आत सिलिकॉनची पिशवी बसवता येते. ऑपरेशन त्यातल्या त्यात लहान, पण काही वर्षांनी पिशवी बदलावी लागू शकते. पाठीचा स्नायू पुढे वळवता येतो, पण हाताचा जोर थोडा कमी होऊ शकतो, आणि मी भाजीच्या पाट्या उचलणारी. नाहीतर ओटीपोटावरची कातडी नि चरबी वर घ्यायची. ते ऑपरेशन मोठं, दोन महिने वजन उचलायचं नाही, पण सगळं आपलंच. काहीच नको असेल तर वरून घालायचं तयार पॅड मिळतं. छाती घडवली म्हणून रोग परत येतो असं नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

पण दादा, मी कापाकापीला भिऊन नाही म्हटलं नव्हतं. शेजारच्या कुसाबाई म्हणाल्या, चोपन्नाव्या वर्षी कुणाला दाखवायचंय? हे म्हणतात, तू जगलीस, मला बास. त्यांची मायाच ती, पण मला बास नाही. मी ब्लाउजमध्ये कापसाची पिशवी घालते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाकले आणि ती गळ्याशी आली. तेव्हापासून चार बायकांत गेले नाही. मला पोटाचं ऑपरेशन करून घ्यायचंय. लिहिताना कान तापलेत. तुम्ही थोरले. ही थेरं वाटत असली तर स्पष्ट लिहा, मी विषय सोडून देईन.

रागावलात तरी माया पातळ करू नका.
तुमची चंद्रभागा

मखमलाबाद
ता. २४ फेब्रुवारी २००५

चि. सौ. चंद्रभागा हिस आशीर्वाद.

थेरं कसली? मी त्रेपन्नाव्या वर्षी कवळी बसवली, तेव्हा कुसाबाईंनी विचारलं होतं का, की कुणाला हसून दाखवायचंय? तुला हवंय ना, मग झालं. कुठून घ्यायचं ते तू आणि डॉक्टर बघा, त्या बागेतला मी माळी नाही. दोन महिने तुझ्या पाट्या मी आणि वहिनी बाजारात नेऊ. दवाखान्यात सोबतीला मी येणार, आणि या खेपेस जेवून येणार.

तारीख ठरली की कळव. जीव टांगणीला आहे.
दादा

सातपूर
ता. २६ जून २००५

ती. दादांना नमस्कार.

परवा टाक्यांची शेवटची तपासणी झाली. जखम भरली, रोगाचे रिपोर्टही स्वच्छ आले. रिपोर्ट हातात धरून हे दवाखान्याच्या पायरीवरच बसले आणि रडले. मीच त्यांना चहा पाजला. पोटावर आडवा व्रण आहे. छातीला हात लावला तर बधिर लागतं, आणि पूर्वीसारखं जाणवणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. चालेल मला. कुसाबाई दार लावून बघून गेल्या आणि जाताना आपल्या जावेसाठी डॉक्टरांचा वार विचारून गेल्या.

तुम्ही आठ दिवस पलंगाशी बसून कविता म्हटल्यात, त्याबद्दल शेजारच्या पलंगावरची बाई अजून तक्रार करते.

आज सुलाबाईंकडे ब्लाउज शिवायला टाकून आले. त्यांनी टेप लावला, माप लिहून घेतलं आणि गळा गोल की चौकोनी, एवढंच विचारलं. मी चौकोनी सांगितला.

आता बोलायला घरीच या.
तुमची चंद्रभागा