फोटो अस्पष्ट

मंगळवार, संध्याकाळ

जेवण नको वाटतंय. कबनूरची ती बाई आज पुन्हा तहसील ऑफिसात आली होती. यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरते. लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, त्यासाठी रहिवासी दाखला हवा होता. गेल्या महिन्यात अर्ज माझ्याच टेबलावर होता, कागद सगळे पूर्ण. पण साहेब रजेवर, सही राहिली आणि मुदतीचा शेवटचा, पंधरावा दिवस उजाडला. सेवा हक्क कायद्यानं मुदत चुकली की साहेबांना दंड. त्यांचा फोन आला, "मॅडम, राहिलेले अर्ज त्रुटी काढून परत पाठवा. एकही प्रलंबित दिसायला नको."

मी 'फोटो अस्पष्ट' असा शेरा मारून तिचा अर्ज परत पाठवला. संगणकावर आमचं काम मुदतीत झालं.

फोटो अस्पष्ट नव्हता. पोरीच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसत होता. मी साहेबांना 'नाही' का म्हटलं नाही? बदलीची भीती? की आता सवयच झालीय?

प्रवेशाची तारीख गेली. लेक आईबरोबर कांड्या भरायला जाते. बाई भांडली असती तर बरं झालं असतं. उलट म्हणाली, "चूक आमचीच हाय बाई. फोटो नीट काढाय पायजे हुता."

तो तीळ डोळ्यांसमोर आला.

निघताना तिनं भिंतीवरच्या मुदतीच्या फलकाकडं बघून विचारलं, "फुडल्या वर्सी परत अर्ज केला, तर पंधरा दिसांत मिळंल न्हवं?"

"मिळेल की," मी म्हणाले.