काका नव्हे, मुन्ना

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
केसांना कलप लावला. तो वाळेपर्यंत 'काटेरी दोस्त' हा व्हॉट्सॲप ग्रुप जॉइन केला. निवडुंग लावणाऱ्यांचा ग्रुप आहे. रिटायर झाल्यापासून माझीही निम्मी गच्ची कुंड्यांनी भरलीय. लगेच सल्ला टाकला: थंडीत पाणी कमी द्या. नांदेडच्या आकांक्षाने लिहिलं, थँक्यू काका. मग सगळेच काका काका करायला लागले. सल्ल्यावर एक अंगठा नाही.
अठ्ठावन्न हे काय वय आहे? छंदात ज्ञान बघतात, वय नाही. तरी खबरदारी म्हणून ग्रुप सोडला.

४ फेब्रुवारी
दुसऱ्या सिमवरून परत शिरलो. नाव मुन्ना, वय सत्तावीस. माझं मुंजाजी हे खरं नाव फोनवर फार म्हातारं दिसतं. डीपीला फोटो मात्र स्वतःचाच, म्हणजे खोटेपणा नाही. १९९४ चा, आमच्या लग्नातला. बाजूची शालूबाई क्रॉप केली, मुंडावळ्या ॲपने पुसल्या. तिचा थोडा पदर खांद्यावर राहिलाय, तो स्कार्फ वाटतो.
तोच सल्ला पुन्हा टाकला. भारी भावा! अंगठेच अंगठे. सिद्ध झालं, वयाला काही महत्त्व नाही.

७ फेब्रुवारी, दुपार
ॲडमिन हट्टा गावचे किसनराव. वय चोपन्न, परवाच ग्रुपवर त्यांचा केक कापून झाला. त्यांनी एका झाडाचं नाव चुकीचं सांगितलं, मी दुरुस्त केलं. तर म्हणे, बाळा, मोठे बोलून राहिले की मधात बोलू न्हाई. मला बाळा! चार वर्षांनी लहान माणूस! अठ्ठावन्न असं टाइप केलं, पुसलं. शेवटी लिहिलं, हो काका, चुकलं.
पण तिथेच कळलं की ते दुसरा ॲडमिन शोधतायत. ठरलं. मीच होणार. मग बघतो बाळ कोण ते.

११ फेब्रुवारी
रोज सकाळी किसनरावांना 'नमस्कार काका'. ते खूश. आजकाल अशी वळणाची पोरं ऱ्हायली न्हाईत, असं त्यांनी सगळ्या ग्रुपसमोर लिहिलं. शालूबाईने विचारलं, फोनकडं पाहून काहून हसून राहिले? सांगितलं, पेन्शनरांच्या संघटनेचं काम आहे. ती म्हणाली, मग संघटनेला सांगा, माझ्या हळदीच्या वाळवणातून कुंड्या उचला. उद्या नक्की.

१३ फेब्रुवारी
किसनरावांनी पर्सनलवर चौकशी केली. शेती किती? घर स्वतःचं का? व्यसन? मामाचं गाव कोणतं? आई-वडील? सगळं खरं सांगितलं: पाच एकर हळद, स्लॅबचं घर, सुपारीसुद्धा नाही, आई-वडील वारले. त्यांनी लिहिलं, मग आमालाच मोठं समज. रविवारी घर पाहायला येतो.
ॲडमिन निवडायचा तर एवढी खोल चौकशी हवीच. मला हा माणूस आवडू लागलाय.

१६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी कलप. शालूबाईला पोहे टाकायला सांगितलं. समोर कसा जाऊ, हा प्रश्न मनात आला होता. पण ज्ञान पाहिल्यावर वय कोण विचारतो?
किसनराव आले. सोबत त्यांची बायको आणि त्यांचे साडू. पिशवीत टॉवेल-टोपी दिसली. सत्कार! मी मान पुढे केली. किसनरावांनी माझ्या पायाला हात लावला आणि विचारलं, तुमी मुन्नाचे काका का? त्याला बोलवा, आमच्या साडूची पोरगी हाय पूजा, तिच्यासाठी पोराला पाहायला आलो.
शालूबाई पोहे घेऊन बाहेर आली. कोण मुन्ना? म्हणाली. किसनरावांनी फोन दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, ह्यो तर आमच्या लग्नातला फोटो हाय. मी कुटं गेले ह्याच्यातून?
साडूंनी पोह्यांना हात लावला नाही. टॉवेल-टोपी परत गेली. मला फार लाज वाटली. (गैरसमज त्यांचा, तरीही.)

१७ फेब्रुवारी
मुन्नाला ग्रुपवरून काढलं. कारण लिहिलं नाही, तेवढा किसनरावांचा मोठेपणा.

२० फेब्रुवारी
किसनरावांनी शालूबाईला ग्रुपवर घेतलं. शिवाय ॲडमिन केलं. म्हणे, नवीन माणूस पारखून घेणारं कोणीतरी पायजे. मी तिला म्हटलं, तुला निवडुंगातलं काय कळतं? ती म्हणाली, काटे वाळवणातून मीच येचते.
ते फोटोचं ॲप कसं चालतं, तेवढं तिने माझ्याकडून शिकून घेतलं. शिकण्याला वय नसतं, असं मीच तिला म्हणालो.

२३ फेब्रुवारी, रविवार
कलप लावला नाही. माझ्या खऱ्या नंबरवरून रिक्वेस्ट टाकली. स्वयंपाकघरातून ॲडमिनचा मेसेज आला: खरं वय लिहा. तिला माझं वय पाठ आहे. तरी लिहायला लावलं. लिहिलं, अठ्ठावन्न.
घेतलं. ग्रुपवर ओळख लिहिली: हे आमच्या घरचे. वर पाहिलं तर ॲडमिनच्या डीपीला त्याच फोटोचा उरलेला अर्धा भाग. रंग चढवलेला, मुंडावळ्या पुसलेल्या. सगळे तिला शालूताई म्हणतायत.
आकांक्षाने माझं स्वागत केलं. वेलकम काका, तुम्ही शालूताईंचे वडील का?