जुनीचे नऊ सेकंद

प्रिय नंदकिशोर,

नंदू असं मुद्दाम लिहीत नाही. फोनही मुद्दामच केला नाही. फोन केला की तू स्पीकरवर टाकतोस आणि ऑफिसातली सगळी पोरं ऐकत बसतात. हे एकट्याने वाच. शुक्रवारी तू आपल्या गेमचा नवा ट्रेलर सोडणार आहेस. त्यात आपली कासवीण, जुनी, मरते ते नऊ सेकंद आहेत. ते तिथून काढून टाक. सोमवारी मरोळच्या ऑफिसात सगळ्यांसमोर हेच म्हणालो, तेव्हा तू म्हणालास, मार्त्या, म्हातारा झालास, घरी जाऊन जप कर. पोरं हसली. जप मी रोज सकाळी करतो. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

तुला आठवत नसेल म्हणून लिहितो. आपण पाचवीत होतो. माझ्या बाबांच्या जाळ्यात मोठ्या परातीएवढं कासव आलं होतं. जाळं नवंकोरं. बाबा एकेक गाठ सोडवायला बघत होते आणि ते अधिकच गुरफटत होतं. आई कुंकवाचा करंडा घेऊन किनाऱ्यावर आली, बाबांच्या हातात कोयती दिली आणि म्हणाली, आधी तेका सोडा, जाळा काय, परत विणूक येता. बाबांनी जाळं कापलं. आईने कासवाच्या पाठीवर कुंकू वाहिलं, पुढे नारळ ठेवला, आणि आपण दोघांनी त्याला पाण्यापर्यंत ढकललं. शाळा बुडवली म्हणून गुरुजींनी दोघांनाही दिवसभर उभं केलं होतं, ते तरी आठवत असेल.

पंचवीस वर्षं मी अंधेरीतल्या कार्टूनवाल्यांकडे दुसऱ्यांची चित्रं हलवली. मग तू म्हणालास, समुद्राखालचा गेम करू, आपला. मी एकच अट घातली, हत्यार नको. बोट बुडालेला माणूस तळाशी जगतो, हवा साठवतो, शेवाळ पिकवतो. हातात फक्त एक कोयती, तीही जाळी कापायला. वाटेत जुनी आडवी पडलेली असते, घराएवढी कासवीण, अंगभर फाटक्या जाळ्यांत अडकलेली. तिला सोडवलं की वाट मोकळी होते. गावच्या देवळात देवाच्या आधी आपण ज्या दगडी कासवाला हात लावायचो, तेच पाटीवर काढून काढून मी चित्रं शिकलो. जुनी तिथूनच आली. हे सगळं ऐकून तू तेव्हा झकास म्हणाला होतास.

मग लोक खेळू लागले आणि त्यांनी काय लिहिलंय ते तू मला रोज मोठ्याने वाचून दाखवू लागलास. भाला कुठे आहे? हा गेम आहे की भजनी मंडळ? म्हातारी वाट अडवते, तिला उडवायचं बटण द्या. मुलुंडच्या एका नर्सने लिहिलं होतं की ड्यूटीवरून आल्यावर ती काहीच करत नाही, जुनीच्या शेजारी बसून तिचा श्वास ऐकते. ते तू वाचून दाखवलं नाहीस. ट्रेलर जोडणाऱ्या मीराने मला दाखवलं. त्यावर तू म्हणालास, एका बाईच्या बसण्यावर ऑफिस चालत नाही रे.

आईच्या वर्षश्राद्धाला मी गावी गेलो तेवढ्यात तू गेममध्ये भाला आणलास. परत आलो तर सगळं तयार. आता फक्त ती मरताना काढून दे म्हणालास, तिला तुझाच हात लागेल. दोन आठवडे मी नाही म्हणालो. मग काढलं. का, ते आज सांगतो. मला वाटलं, मरण असं काढावं की मारणाऱ्याचा हात पुन्हा उठू नये. बाकीच्या गेममध्ये मासे उलटे होऊन नाहीसे होतात, म्हणून माणसं मारत सुटतात. त्यांना मरण कुणी नीट दाखवलेलंच नाही, असा माझा समज होता. चूक माझी आहे. ती तुझ्यावर ढकलत नाही.

चाचणीच्या दिवशी ऑफिसातल्या कृणालने पहिला भाला फेकला. नऊ सेकंद संपेपर्यंत त्याने हात बटणावरून काढून मांडीवर ठेवला होता. मला वाटलं, जमलं. मग समीक्षा म्हणाली, परत मार ना, डोळा बघायचाय. त्याने परत मारला. मग पोरांनी पाळ्या लावल्या. कोयती कुणी काढलीच नाही. मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारी काय मरते यार. तू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालास, हेच ट्रेलरला. आणि खोटं कशाला लिहू, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मीही बसलो. चित्र तपासतोय असं स्वतःला सांगत चार वेळा भाला फेकला. चौथ्या वेळी तपासण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

आता तो डोळा. जुनीचा चेहरा समोर येतो, उजवी पापणी आधी पडते. डावी अर्ध्यावर थांबते, कुणी आल्यासारखी जराशी वर उचलली जाते, आणि मग पडते. हे मी मनाने काढलेलं नाही. बोरिवलीच्या हॉस्पिटलात आई गेली तेव्हा तिच्या उजव्या बाजूला मी बसलो होतो, डाव्या बाजूला तू. काकी, मी नंदू, असं तू म्हणालास तेव्हा ती पापणी उचलली गेली होती. तुझ्यासाठी. मी तासभर हाका मारत होतो, माझ्यासाठी उचलली नव्हती. ते नऊ सेकंद तू महिनाभरात शंभरदा पाहिलेस. एक तर तू ओळखलं नाहीस, किंवा ओळखूनही ट्रेलरमध्ये घातलंस. दोन्हीतलं जास्त वाईट कुठलं ते मला ठरवता येत नाही, आणि तू सांगूही नकोस. मीराकडे आज मी दुसरं मरण पाठवलंय. जुनी उलटी होते, बुडते, झालं. कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असं आहे. तेच लाव.

अजून तरी तुझाच,
मार्तंड