एकाच जागी तडकलेले चार आणे

अहो,

तिकडे तरी चष्मा सापडतो का वेळेवर? उद्या सकाळी मी पोलीस चौकीत जाणार आहे. कुणी बोलावलेलं नाही. पण जायच्या आधी तुम्हाला सगळं सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तुमचा तो पत्र्याचा डबा! शाळेतून आलात की चार आण्यांची सात नाणी ओळीनं मांडायची आणि मला हाका मारायच्या. "सुमन, बघ, सिंहाच्या डोक्यापासून कडेपर्यंत रेघ! टांकसाळीतला ठसा तडकलाय!" इकडे भाजी करपायची. मी म्हणायचे, मास्तर, त्या रेघेला फोडणी देऊ का?

मागच्या बाजारी मी तो डबा रिकामा केला. शेवयांना हवा होता. खरं सांगू? रागही होता. माणूस देवाघरी निघून जातो आणि त्याची खुळं फडताळात राहतात! हाती लागली ती पाच नाणी मिरचीवाल्या सखूबाईला देऊन टाकली.

आज तिनं तीच किराणा दुकानात दिली. दुकानदारानं निरखली आणि ओरडलाच, "पाचांवर एकाच जागी रेघ! घरी साच्यात पाडलीत ही!" खोटं नाणं ठोकतात तसं एक उंबऱ्यावर खिळ्यानं ठोकलंसुद्धा.

"आवं, म्या अडानी बाई, मला काय जमतंय नानी पाडाया? गिऱ्हाइकानं दिली, म्या घेतली!" सखूबाई रडत होती. हवालदार तिला घेऊन गेला. अजून सोडलेली नाही.

मी कुठे होते? चार पावलांवर, हातात गुळाची ढेप घेऊन. तोंड उघडलं नाही! बोलले तर सारं कर्जत म्हणेल, मास्तरच घरी नाणी पाडायचे. तुमच्या नावासाठी गप्प बसले, असं स्वतःला सांगत घरी आले. खोटं आहे ते. मी घाबरले हो.

त्या रेघेचं तुम्ही मला नीट शिकवलं का नाहीत? की शिकवलंत, आणि मीच ऐकलं नाही?

घरी येऊन डब्याच्या तळाचा कागद उपसला, तर खाली दोन नाणी चिकटलेली! एकावर रेघच नाही, दुसऱ्यावर जेमतेम तांदळाएवढी. मग आठवलं. ठसा झिजतो तशी अक्षरं फुगतात, तडा वाढतो तशी रेघ लांबते. म्हणून तर तुम्ही चढत्या रेघेनं लावायचात. घरच्या साच्यातली असती तर सगळ्यांवर सारखीच रेघ नसती का? नख फिरवून पाहिलं. रेघ वर उठलेली लागली; ठशाच्या तड्यात धातू शिरला की अशीच उठते. ओरखडा असता तर नख आत गेलं असतं.

हवालदार ऐकेल? की बाईमाणसाला हसेल?

पण शब्द देते. उद्या सखूबाईच्या शेजारी उभी राहीन आणि आधी एवढंच बोलेन, "ही नाणी मी दिली. माझ्या नवऱ्याच्या डब्यातली." रेघेचं त्यानंतर.

तुमचीच,
सुमन