साखर बावन्नवर आली तेव्हा

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे हल्ली तो कागदावरच जमतो). तुझी पाठ काय म्हणते? फोनच केला असता, पण इथे भिंतीपलीकडचं सगळं ऐकू जातं आणि तुझ्या भाचीने हे ऐकायला नको.

तिला सातवा संपत आला. गरोदरपणातली साखर वाढली म्हणून इन्सुलिन सुरू आहे. जावई बोटीवर, तिची आई जाऊन सहा वर्षं झालेली, तेव्हा काळजी घेणारं माणूस म्हणजे मी. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, सगळं जमेल असा विश्वास दहापैकी किती? मी अकरा सांगितला. (चाळीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केल्यात, 'होऊन जाईल' म्हणायची जिभेला सवय.) साखर सत्तरच्या खाली उतरली तर द्यायला त्यांनी ग्लुकोजचा पुडा दिला. घरात गोड नजरेसही पडायला नको, म्हणून मी तो लपवला.

मंगळवारी मला वाटलं, आणखी कमी खाल्लं तर साखर आणखी छान येईल. इन्सुलिन नेहमीइतकंच, भात मात्र निम्मा. ती कुरकुरली, तर मी पथ्यावर व्याख्यान दिलं. दुपारी दोनला, लख्ख उजेडात, ती खिडकीपाशी बसली होती. कपाळावर घाम, नजर माझ्या खुर्चीच्या मागे, आणि हळू आवाजात कुणाशी तरी बोलणं चाललेलं. मध्येच थांबायची, ऐकून घ्यायची, मान डोलवायची. ताई, मी मागे वळलो नाही. (मान आखडली होती, असं मी सांगतो.) बोट टोचून पाहिलं, बावन्न. पुडा द्यायचा हे आठवलं. कुठे ठेवला ते काही केल्या आठवेना. डबे उपसले, उशा झटकल्या, हत्यारांची पेटी जमिनीवर ओतली. तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, आई म्हणतेय, मशीनच्या खणात बघा."

तिच्या आईचं शिलाई मशीन. सहा वर्षांत तो खण एकदाच उघडला होता, मीच, पुडा ठेवायला.

पाण्यात कालवून पाजलं. पंधरा मिनिटांनी अठ्ठ्याण्णव. बाळ हलतंय म्हणाली, तेव्हा मी खाली बसलो. संध्याकाळी तिने खुलासा केला, की पुडा ठेवताना तिने मला दारातून पाहिलं होतं. हायसं वाटलं. नर्सबाई रागावल्या, न विचारता घासही कमी करायचा नाही. आता करत नाही. सगळं माझ्या हातात आहे, काळजी नसावी.

तुझा धाकटा

ता. क. सवड असली तर दोन महिने येऊन राहा. सवड नसली तरी ये. दुपारी मला त्या खुर्चीत बसवत नाही. विश्वास सध्या तीन.

ता. क. (हे मी, तुझी भाची, पाकीट चिकटवताना.) आत्या, मी दारातून काहीही पाहिलं नव्हतं. बाबांना झोप लागावी म्हणून तसं सांगितलं. तू ये. सगळं एकट्या आईवर किती दिवस टाकायचं?