ओताव्हिओ जेवायला आला नाही

मंगळवार, ७ ऑक्टोबर
दीड वाजून गेला तरी ओताव्हिओचा पत्ता नाही! वहिनी गेल्यापासून भाऊराया रोज दुपारी माझ्याकडेच जेवतो. खुर्ची ठरलेली, कुरकुरही ठरलेली. सकाळी अंडी घालून पीठ मळलं, लाटलं, पट्ट्या कापल्या, खिम्याचा रस्सा दोन तास रटरटत ठेवला. आणि हा गायब! पास्ता काय थांबतो कुणासाठी? लगदा झाला. एकटीनेच गिळला.

बुधवार, ८
फोन आला. "अगं एर्सिलिया, काल भूकच नव्हती." भूक नव्हती! तापातही ज्याला दुसऱ्यांदा वाढून लागतं त्याला! आजही आला नाही.

गुरुवार, ९
बेकरीवाली म्हणाली, "तुमचे बंधू हल्ली फोस्काबाईंकडे जेवतात ना?" फोस्का — चौकापलीकडची, कपडे शिवणारी विधवा. "हो, मीच पाठवते," म्हटलं. धडधडीत खोटं.

रविवार, १२
बदामाचा केक घेतला आणि गेले सरळ तिच्या दारात! ओताव्हिओ बिटासारखा लाल. ती मात्र म्हणाली, "या हो, बसा." भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता. खोट काढायला बसले होते — सापडेना. मग त्याच्याच लहानपणच्या उचापती सांगत सुटले. ती डोळे पुसपुसून हसत होती. जेवण झाल्यावर हा उठून ताटल्या विसळायला लागला! माझ्याकडे कधी पेला उचलला नाही मेल्याने!
निघताना दारात पुटपुटला, "मी तिला लग्नाचं विचारणार आहे."
"विचार की. मला कशाला सांगतोस?"
जिन्यातच रडू आलं. वेडी कुठली.

मंगळवार, १४
एकटीसाठी पीठ किती घ्यायचं? अंदाजच येईना. पाव आणि चीज खाल्लं, ओट्याशी उभ्याने. आई असती तर पाठीत धपाटा घातला असता.

शुक्रवार, १७
जेवणाच्या वेळेला घंटा वाजली. फोस्का! एकटीच. हातात झाकलेलं पातेलं.
"त्यांना नाही म्हटलं मी," म्हणाली. "नवरा नकोय मला आता. पण त्या रविवारी इतकी हसले ना... कधीकधी तुमच्याकडे जेवायला आले तर चालेल?"
"आत या आधी," म्हटलं. "गार होतंय."