रिकाम्या खोलीचं चित्र

मुलुंड (पूर्व), मे १९७३

ती. स्व. रामनाथदादा यांस श्यामकांतचा साष्टांग नमस्कार.

तुमची पाठ आता कशी आहे? (गेल्या भाऊबीजेला ती आमच्या जिन्यात धरली, तेव्हापासून तिची चौकशी केल्याशिवाय मी पत्र सुरू करत नाही.) वहिनींना नमस्कार. शुभा आणि बाळ माहेरपणात रमले असतील आणि आंबे सांगलीतही महाग असतील, असं धरून चालतो. इकडे मी खुशाल. हा शब्द पत्र संपेपर्यंत टिकतो का, ते तुम्हीच बघा.

आधी आनंदाची बातमी. अंधेरीच्या ज्या कार्टून स्टुडिओत मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांत रंग भरतोय, तिथे नवरेसाहेबांनी मला पहिल्यांदाच गोष्ट रचायला सांगितली. तीन मिनिटांची फिल्म, विषय माणसाची वस्तूंची हाव. पसंत पडली तर पडद्यावर 'कथा' म्हणून माझं नाव. (आजवर ते हजेरीपटावर आणि रेशनकार्डावर आलंय, आणि रेशनकार्डावर चुकीचं.) मला हे किती हवं होतं ते शुभाला विचारा, माहेरी निघतानाही ती माझ्याच हातावर दही ठेवून गेली. तर गोष्ट अशी: एक गृहस्थ घरात वस्तू आणत सुटतो. कपाट आलं की तो खिडकीकडे सरकतो, सोफा आला की दाराकडे, आणि शेवटी घर भरून जातं नि तो जिन्यात बसून जेवतो. मग त्याला उपरती होते, सगळं वाटून टाकतो आणि रिकाम्या खोलीत उभा राहतो. साहेब म्हणाले, "झकास. पण तिथे तो करतो काय?" दोन खोल्यांत जन्म काढलेल्या माणसाने रिकामी खोली पाहिलेलीच नसते.

आमच्या धंद्यात जे काढायचं ते आधी डोळ्यांनी बघावं लागतं. मांजर काढायचं तर मांजर आणून टेबलावर बसवतात. म्हणून रविवारी मी आमची बाहेरची खोली रिकामी केली. सोफा, तिपाई आणि रेडिओ वरच्या जिन्यात गेले. फ्रीज जिन्यात ठेवणं बरं दिसेना, तो शेजारच्या नंदकिशोररावांनी आपल्या दिवाणखान्यात घ्यायचं कबूल केलं. (होय, तोच, तुम्ही भाऊबीजेला शुभाला दिलेला. तुमच्या पाठीची चौकशी उगाच केली नव्हती.) ढकलता ढकलता मी त्यांना ऐहिक सुखांच्या फोलपणावर बरंच ऐकवलं. तेही मान डोलवत होते, पण हात फ्रीजवरून काढत नव्हते.

मग मी रिकाम्या खोलीत बसलो. काही सुचलं नाही, भिंतीला रंग काढायला हवा एवढंच कळलं. तिकडे नंदकिशोररावांच्या घरी मृणालिनीवहिनींनी फ्रीजवर क्रोशाचा रुमाल घातला, वर फुलदाणी ठेवली, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या मीराला पाहायला माणसं आली. पोहे झाले, मुलाच्या आईने पाणी मागितलं, मीराने उठून फ्रीज उघडला आणि बर्फ घालून पाणी दिलं. पसंती तिथल्या तिथे कळवली. मी फ्रीज न्यायला गेलो तर मृणालिनीवहिनी दारात उभ्या. "भावजी, एवढं लग्न होऊ द्या ना. कोपरा रिकामा दिसला तर ते लोक काय म्हणतील?" मागे मीरा हसत होती. नकार ऐकून ऐकून ती पोर हसायची विसरली होती हो, दादा. मी रिकाम्या हातांनी परत आलो.

पण चैन पडेना. रोज संध्याकाळी मी गार पाण्याच्या निमित्ताने तिकडे जातो आणि फ्रीजसमोर खुर्ची ओढून बसतो. तो घुरघुरायला लागला की जिवाला बरं वाटतं. असंच बसलेलो असताना उमगलं, आपला गृहस्थही हेच करत असणार. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं: तो शेजाऱ्यांकडे जातो आणि दिलेल्या वस्तूंसमोर पाण्याचा पेला घेऊन बसतो. साहेबांना हसता हसता ठसका लागला. गोष्ट पास झाली. पडद्यावर माझं नाव येणार. दादा, मला फार आनंद झालाय, फक्त घरी तो सांगायला कोणी नाही आणि बसायला सोफाही नाही, कारण जिन्यातला तो आता सगळ्या बिल्डिंगचा झालाय.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, बाळाला पापा. लोभ आहेच, हे पत्र वाचूनही तो असू द्यावा.

आपला,
श्यामकांत

ता. क. लग्न जूनमध्ये आहे. तोवर शुभाला तिकडेच ठेवून घ्या. घराला रंग काढलाय म्हणून सांगा.

ता. क. २. काल बैठक झाली. मुलाकडचे फार सज्जन, हुंड्याचं नाव नाही. मुलाचे वडील म्हणाले, "आम्हाला फक्त मुलगी आणि नारळ." आई म्हणाली, "आणि कोपऱ्यातला तो फ्रीज. मीराच्या हातचा आहे ना." नंदकिशोरराव म्हणाले, "आमच्या श्यामकांतरावांना विचारा, वस्तूंबद्दल त्यांचे विचार फार उच्च आहेत." मी मान हलवली. कशी ते आठवत नाही, पण सगळ्यांनी ती होकाराची धरली.

ता. क. ३. फ्रीजची किल्ली शुभाच्या जुडग्यात आहे, सगळ्यांत लहान. ती दुपारी झोपली की तेवढी काढून रजिस्टर पोस्टाने पाठवा. आणि पाठीला रोज तेल लावत जा. दिवाळी फार लांब नाही.